उत्तममामा आणि परतीचं भांडं

कुणाच्याही घरी पाणी दिलं की आमचे उत्तममामा आधी पेल्याचं बूड बघायचे, पाणी नंतर प्यायचे. पेला रिकामा असला तर उलटा करायचा, भरलेला असला तर डोक्याच्या वर धरायचा, मान मागे टाकायची आणि बुडावर टिंबटिंब करून टाकलेलं नाव चष्म्याच्या खालच्या काचेतून वाचायचं. नवख्या माणसाला वाटायचं, पेला स्वच्छ आहे का ते बघतायत. थोडी ओळख असलेल्याला वाटायचं, आपण पेला चोरून आणलाय का ते बघतायत. दोन्ही चूक. बुद्धविहारातली सामायिक भांडी आमच्या वस्तीत तीस वर्षं मामांच्या ताब्यात होती. लग्न, नामकरण, जयंती, कुणी गेलं तर त्याचं पुण्यानुमोदन, काहीही असलं की पातेली, पराती, तांबे, वगराळी घरोघर जायची आणि मग महिनाभर मामा ती घरोघरून गोळा करत हिंडायचे. त्या फेरीत दुसऱ्याच कुणाचं नाव असलेली वाटी सापडली तर चुकलेलं लेकरू घरी पोचवावं तशी तिच्या घरी नेऊन द्यायचे. वही त्यांनी कधी ठेवली नाही. म्हणायचे, "भांड्यावर नाव हाय ना, मंग वहीला काय काम?"

त्यामुळे मामांचे हात कायम भरलेले. एका हातात पिशवी, दुसऱ्यात परात, काखेत कुणाचा तरी डबा. निघताना माणसं हात हलवून निरोप देतात, तसा मामांनी कधी दिलेला आम्हाला आठवत नाही. फार तर परात वर करायचे.

मी परभणीत शाळामास्तर आहे, भूगोल शिकवतो. घरच्या कार्यांत जुन्या गोष्टी सांगायचा मक्ता माझ्याकडे आहे. माझी बायको सुनंदा म्हणते की मी प्रत्येक गोष्ट तीनदा सांगतो आणि तिन्ही वेळा शेवट वेगळा असतो. मामा जाऊन आता वर्ष होत आलं. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून काढतोय, म्हणजे नंतर शेवट बदलता येणार नाही.

सुनंदाचं नाव निघालंच आहे तर तिला बघायला गेलो होतो तिथूनच सुरू करतो. बोरीला गेलो होतो. मी नवाकोरा शर्ट घालून, न बोललेलं बरं अशा सूचनेसह बसलेलो. सासरेबुवांनी पाण्यानं भरलेला तांब्या मामांपुढे केला. तो भरलेला आहे हे विसरून मामांनी सवयीनं उलटा केला. पाणी सासरेबुवांच्या मांडीवर. माझी माय डोळ्यांनी मामांना जाळायला लागली. मामा मात्र तांब्याचं बूड वाचत होते.

"हा तांब्या तुमचा न्हाई," मामा म्हणाले.

सासरेबुवांचं तोंड उतरलं. "शेजारचा हाय. पाव्हणे येणार म्हणून आणलाय."

"लय चांगलं," मामा म्हणाले, आणि मायकडे वळून, "अक्का, पसंत हाय. ज्या घराला शेजारी तांब्या देतो, त्या घरची पोरगी करायला काय हरकत न्हाई."

मुलगी अजून बाहेर आलीच नव्हती. मला विचारायचं तर कुणाच्या मनातही आलं नाही. आज पंचवीस वर्षांनी भांडण झालं की सुनंदा एकच वाक्य म्हणते, "मला तुमी पसंत केलंच न्हाई, तांब्यानं केलंय." मी भांडण तिथंच सोडतो, कारण खरं आहे.

भांड्यांच्या बाबतीत मामांचे कायदे पक्के होते. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. चार शेंगा का होईना, त्यात घालायच्या. आणि आपण दिलेलं भांडं आपण मागायचं नाही, विशेषतः दुःखाच्या घरी गेलेलं. सामायिक भांड्यांचं निराळं, ती विहाराची, ती गोळा करायचीच. पण घरच्या डब्यातून कुणाकडे भाकरी गेली तर तो डबा त्या माणसाला जमेल तेव्हा येईल. "मागितलं की दिलेल्या भाकरीची चव जाती," असं मामा म्हणायचे. वस्तीत हा कायदा सगळे पाळायचे. आमच्या घरातले निम्मे डबे त्यामुळे बाहेरच असायचे, आणि बाहेरचे निम्मे आमच्यात.

आता माझी धाकटी बहीण रत्ना. ती आठ वर्षांची असताना मोठा ताप आला आणि तापाबरोबर तिचे डोळे गेले. घरात रडारड. येणारा प्रत्येक नातेवाईक तिच्या डोक्यावरून हात फिरवून रडायचा आणि चहा घेऊन जायचा. पंधरा दिवसांनी मामा आले ते पोतं घेऊन. त्यांनी ते रत्नापुढे ओतलं. वाट्या, पेले, झाकण्या, सगळ्या खोलीभर गडगडल्या.

"रत्ने, माझा चष्मा फुटलाय," मामा म्हणाले. "ही कुणाकुणाची हायेत, लाव बरं जरा."

चष्मा त्यांच्या खिशात होता. मी बघत होतो आणि सांगणारही होतो, पण मायनं माझा दंड चिमटला. रत्नाला अक्षरं येत होती, तिसरीत होती ती. तिनं एक वाटी घेतली, बुडावरून बोट फिरवलं. टिंबं बोटाला लागतात. पुष्कळ वेळ गेला. मग म्हणाली, "मामा, हे 'शे' हाय का? शेवंता?" मामा म्हणाले, "मला काय दिसतंय? तूच सांग." संध्याकाळपर्यंत तिनं पोतंभर भांडी घरांप्रमाणे लावली. मग ती दोघं वस्तीत परत द्यायला निघाली. मामांनी तिचा हात धरला नाही. पोत्याचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं.

पुढे ती ब्रेल शिकली, बी.ए. झाली, स्पर्धा परीक्षा दिली आणि जिंतूरला तालुक्याच्या एका कचेरीत लिपिक म्हणून लागली. त्या दिवशी मामांनी विहाराची मोठी परात घेऊन वस्तीभर पेढे वाटले. परातीतले पेढे संपल्यावर मामांना रडू आलं, तोवर वेळच मिळाला नव्हता.

आणि मग अडचण आली. रत्नाच्या कंप्युटरवर पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. ते बाकी सगळं वाचायचं. पण कचेरीचं अर्ज नोंदवायचं सॉफ्टवेअर उघडलं की त्याची वाचा बसायची. ते जुन्या घडणीचं, त्यातली अक्षरं ह्या वाचणाऱ्याला दिसतच नसत. आणि रत्नाचं सगळं काम त्या अर्जांचंच. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, तुम्ही टेलिफोनपाशी बसा. पगार चालूच राहील." त्या टेलिफोनवर दिवसाला दोन फोन यायचे, त्यातला एक चुकून.

रविवारी रत्ना परभणीला आली आणि आमच्या घरात म्हणाली, "दादा, खुर्ची गरम करायला मी परीक्षा दिली न्हाई. मला राजीनामा लिहून दे." मी भूगोलाचा मास्तर. मला काय सुचणार? मी कागद आणला. तेवढ्यात सुनंदानं मामांना फोन लावला.

इथे सांगायला हवं की मामा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. खात्यानं त्यांना कधीकाळी कंप्युटरच्या शिक्षणाला पाठवलं होतं, तिथं ते 'सी' नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. निवृत्तीनंतर लोक कुंड्या लावतात, तसे मामा सीमध्ये काहीबाही लिहीत बसायचे. कागद म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. पुढे वधूवरांची नावं आणि मागे मामांचा प्रोग्रॅम. आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकासुद्धा अशाच कामी आल्या. सुनंदा म्हणते, त्यांचा तेवढाच उपयोग झाला.

मामा आले, सगळं ऐकून घेतलं, आणि दोन दिवसांनी इंटरनेटवरून एक लायब्ररी शोधून काढली. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे. जगातल्या कुणीकुणी मिळून लिहून ठेवलेलं तयार काम, कुणीही फुकट वापरावं असं. ह्या लायब्ररीला मराठी मजकूर दिला की ती तो बोलून दाखवायची. आवाज पडसं झालेल्या माणसासारखा, पण शब्द स्पष्ट. म्हणजे कचेरीच्या सॉफ्टवेअरनं स्वतःच तिला मजकूर दिला की झालं. अडचण एकच. लायब्ररी सीमध्ये लिहिलेली आणि कचेरीचं सॉफ्टवेअर 'जावा' नावाच्या दुसऱ्या भाषेत. ते लिहून देणाऱ्या गृहस्थांना मामांनी फोन केला तर ते म्हणाले, "काका, ह्या दोघांचं आपसात बोलणं होत नाही."

"बोलणं होत न्हाई म्हणजे?" मामांनी फोन ठेवून मला विचारलं, जणू माझीच चूक. "दोघं एकाच मशीनमदी राहायलेत आन बोलत न्हाईत? आपल्या भावकीसारखं झालं की हे."

"मग काय करायचं?"

"दुभाषा ठेवायचा. आमचा आजा निजामाच्या कचेरीत गेला व्हता जमिनीच्या कागदासाठी. साहेब उर्दूत बोलायचा, आज्याला उर्दूचा गंध न्हाई. मधी मुन्शी. मुन्शी जे सांगंल ते खरं. आजा मरेपर्यंत म्हणायचा, साहेब वाईट नव्हता, मुन्शीनं पदरचं घातलं." मामांनी चष्मा पुसला. "आपण पदरचं न घालणारा मुन्शी करायचा."

हा दुभाषा करायला मामांना चार महिने लागले. आधी त्यांनी सराव म्हणून 'पायथन' नावाच्या सोप्या भाषेसाठी केला. तो आठ दिवसांत बोलला. पहिलं वाक्य मामांनी लिहिलं होतं: "रत्ना, चहा झाला का?" मशीननं ते विचारल्यावर रत्ना इतकी हसली की खरोखर उठून चहाला गेली. पुढे महिनाभर दर रविवारी मशीन तिला चहा विचारायचं. मामांना तपासायला तेवढं एकच वाक्य लागायचं.

माझीही मदत झाली असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मामांनी मला मशीनसमोर बसवून शंभर वाक्यं ऐकायला सांगितली होती, कुठे शब्द गिळला जातो का ते बघायला. तिसाव्या वाक्याला मला डोळा लागला. मामांनी उठवून विचारलं, "कुठं अडलं?" मी म्हणालो, "सगळं सुरळीत हाय." मामा म्हणाले, "मशीन मघाशीच बंद पडलंय, भाच्या." त्यानंतर मला चहाच्या कामाला लावलं. तेही रत्ना माझ्याहून बरं करायची.

मग जावासाठीचा दुभाषा झाला. त्या गृहस्थांनी आपल्या सॉफ्टवेअरात त्याच्यासाठी चार ओळी घालून दिल्या, साहेबांनी परवानगी दिली, आणि एका सोमवारी रत्नाच्या पडद्यावरची ती मुकी खिडकी बोलायला लागली. अर्जदाराचं नाव, गाव पेडगाव, विषय अमुक. रत्नानं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला. "दादा, मी एकोणीस अर्ज नोंदवले." मी ते एकोणीस अर्ज शाळेत सगळ्या मास्तरांना सांगितले.

साडेतीनला तिचा परत फोन आला. मशीन थिजलं होतं. माऊस हलेना, काही नाही.

मंगळवारी तेच, साडेतीनला. बुधवारी कामाची गर्दी होती तर अडीचलाच. आणि मशीन थिजलं की त्यात अर्धवट नोंदवलेला अर्ज जायचा, कधी त्याच मशीनला जोडलेली शेजारच्या टेबलाची छपाई अडायची. लोक कुरकुरायला लागले. कुणीतरी रत्नाला ऐकू जाईल असं म्हणालं, "ह्यांच्या बोलण्यापायी सगळी कचेरी मुकी व्हायलीय." साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर टेलिफोनपाशी. ह्या वेळी त्यांनी "पगार चालूच राहील" म्हटलं नाही, आणि तेच रत्नाला जास्त लागलं असावं. ती मला फक्त एवढंच म्हणाली, "तो कागद ठेवलास का रे, राजीनाम्याचा?"

मामा वाळले. अडचण काय आहे ते त्यांना कळलं होतं, का आहे ते कळत नव्हतं. मला त्यांनी समजावून सांगितलं होतं, आणि मला समजलं म्हणजे ते खरोखर सोपं असणार. रत्ना एक ओळ वाचायला सांगते. लायब्ररी त्या ओळीचा आवाज तयार करते आणि एका भांड्यात घालून दुभाष्याकडे देते. दुभाषा ते जावाकडे पोचवतो, आवाज वाजतो. मशीनपाशी अशी भांडी ठेवायला जागा मोजकीच. दिवसभरात हजारो ओळी. भांडी साचत साचत साडेतीनला जागा संपते. काम जास्त असेल त्या दिवशी लवकर.

"पण जावात झाडलोट करणारी बाई असती," मामा म्हणाले. "कुणी वापरत न्हाई अशी भांडी ती आपणहून उचलती. म्हणून मी निर्धास्त व्हतो. मंग ही भांडी कामून राहायलीत?"

ह्याच प्रश्नावर दोन आठवडे गेले. महिना संपायला पाच दिवस उरले. रविवारी दुपारी आम्ही मामांच्या घरी बसलो होतो. मामी जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, घरात मामा एकटेच. जमिनीवर लग्नपत्रिकांचा ढीग. रत्ना चहा करायला आत गेली. तिला ते स्वयंपाकघर पाठ होतं. साखर संपली असावी, कारण ती वरच्या फळीवर चाचपत असल्याचा आवाज आला. मग आवाज थांबला. मग ती दारात आली. हातात एक जुना, दोन पुडाचा स्टीलचा डबा. तिचं बोट त्याच्या बुडावर होतं.

"मामा, हा आमचा डबा हाय," ती म्हणाली. "गयाबाई लिहिलंय."

गयाबाई आमची माय. मामी गेली त्या दिवशी मायनं ह्या डब्यातून पिठलं-भाकरी पाठवली होती. मीच नेऊन दिली होती आणि विसरलोही होतो. पाच वर्षांनी मायही गेली.

मामांनी डबा बघितला आणि मान खाली घातली. जन्मभर दुसऱ्यांची भांडी घरी पोचवणारा माणूस. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"अकरा वर्षं झाली," रत्ना म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

"व्हय."

"दिला न्हाई तुमी."

"रिकामा कसा देऊ गं?" मामा म्हणाले. "भांड्यात काय घालून द्यायचं ते तुझी मामी ठरवायची. मला सुचंना. आज सुचंल, उद्या सुचंल. मंग अक्काबी गेली." मग ते म्हणाले, "तुमीबी मागितला न्हाई."

"मागायचं नसतं," रत्ना म्हणाली. "तुमीच सांगितलंय."

आत चहा उतू गेल्याचा वास आला. कुणी उठलं नाही. मामा त्या डब्याकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, परत घातला आणि माझ्याकडे वळले.

"सिद्ध्या, कोण मागतंय?"

"काय मामा?"

"भांडं. मशीनमदी भांडं परत कोण मागतंय?"

मी म्हणालो, "ती झाडणारी बाई..."

"ती जावाच्या घरची बाई हाय! ती तिच्या घरची भांडी उचलंल. ह्या भांड्यावर नाव लायब्ररीचं. परक्याच्या भांड्याला ती हात कशी लावंल?" मामा उठून उभे राहिले होते. "आन लायब्ररी मागत न्हाई, दिलं ते दिलं. मधी मी. मला वाटलं घेणारा देईल आणून. घेणाऱ्याला ठाऊकच न्हाई की भांडं दुसऱ्याचं हाय." त्यांनी रत्नाच्या हातातल्या डब्याला नुसता हात लावला. "मागायची लाज वाटली मला. मशीनची कसली लाज बाळगायची?"

मग काय करायचं ते त्यांनी तिथेच एका पत्रिकेच्या पाठीवर लिहिलं. आवाज वाजून झाला की दुभाष्यानंच भांडं मागून घ्यायचं आणि लायब्ररीच्या हातात द्यायचं, दर ओळीला, न चुकता. पहिल्या प्रयत्नात मामांनी इतका चोखपणा केला की दोन्हीकडून परत करायची व्यवस्था ठेवली. एकच भांडं दोनदा परत जायला लागलं आणि मशीन साडेतीनची वाट न बघता पहिल्याच ओळीला कोसळलं. मामा म्हणाले, "आता हे अती झालं." मंगळवारी ते सुधारलं. त्या जागी मामांनी सीच्या मधोमध मराठीत एक टीप लिहून ठेवली: "वापरून झालं की परत द्यावं. मागायची वेळ आली तर लाजू नये."

पुढे मामांनी हे सगळं काम इंटरनेटवर सर्वांसाठी खुलं केलं. दुसऱ्या भाषांत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी त्यावरून आपापले दुभाषे केले. दूर देशातल्या एकानं पत्र पाठवून विचारलं होतं, त्या टिपेत काय लिहिलंय? मामांनी मला इंग्रजीत उत्तर लिहायला सांगितलं. मी दोन पानं लिहिलं. मामा म्हणाले, "तू पदरचं घातलंस," आणि स्वतः दोन ओळी लिहून पाठवल्या.

त्यानंतर मामा वर्षभर होते. भेटत होते, पेले उलटे करत होते. दवाखान्यातही मी होतो. पण शेवटचे मामा म्हणून माझ्या डोळ्यांपुढे येतात ते जिंतूरचे, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचे.

मी किरकोळ रजा काढली होती. मामा बसमध्ये काखेत पिशवी धरून बसले होते. आत काय आहे विचारलं तर म्हणाले, "तुझं काम न्हाई." कचेरीत आत जायला ते तयार होईनात. "आपण बसलो तर लेकराला दडपण येतं." लेकरू अडतीस वर्षांचं होतं. आम्ही मागच्या बाजूला, सायकली लावायच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहिलो. तिथून रत्नाच्या टेबलाची खिडकी जवळ. पडशाच्या आवाजात मशीन बोलत होतं. अर्जदाराचे नाव. गाव, बोरी. विषय. मग रत्नाच्या बोटांची टकटक. मग पुढचा. गाव, पोखर्णी.

अडीच वाजले. मामा खिडकीकडे कान करून उभे. तीन. मी विचारलं, "चहा घ्यायचा का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी माझा प्रश्न परत घेतला. साडेतीन वाजता मामांनी डोळे मिटले. खिडकीतून आवाज आला: गाव, पेडगाव. मग टकटक. मग दुसरं गाव. तीन पस्तीस. पावणेचार.

चार वाजता साहेब स्वतः मागं आले. कुणीतरी सांगितलं असणार, शेडमध्ये दोन म्हातारे उभे आहेत म्हणून. मी पन्नाशीचा आहे, पण ते जाऊ द्या.

"मामा, बाहेर कशाला? आत चला," साहेब म्हणाले. "ताईंचं मशीन काही थांबंना आज. आमचेच लोक थकायलेत."

"मंग टेलिफोन?" मामांनी विचारलं.

साहेब जरा ओशाळले. "टेलिफोनपाशी कुणी नसलं तरी चालतं आपलं. ताईंचं टेबल तेच राहील." त्यांनी चहा मागवला. मामांनी स्टीलचा पेला घेतला, आणि मी झटकन म्हणालो, "मामा, गरम हाय!" तेव्हा कुठे त्यांनी तो उलटा केला नाही. संपल्यावर केला.

पाचला रत्ना काठी टेकत बाहेर आली. मामांनी पिशवीतून डबा काढून तिच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं नाही. आधी डबा उलटा केला आणि बुडावरून बोट फिरवलं.

"गयाबाई," ती म्हणाली.

"जड हाय का?" मामांनी विचारलं.

"हाय."

आत सहा धपाटे होते. मामांनी पहाटे उठून स्वतः थापलेले. एकही गोल नाही. मी भूगोलाचा मास्तर, मला त्यांत निदान तीन खंड ओळखता आले. रत्नानं तिथेच उभ्याउभ्या एक तुकडा मोडून तोंडात घातला.

"जळालेत, ठाऊक हाय मला," मामा म्हणाले.

"जरासे," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा मोडला.

मी त्या दिवशी रत्नाकडेच राहणार होतो. आम्ही दोघं मामांना स्टँडवर सोडायला गेलो. परभणीची गाडी लागलीच होती. मामांना खिडकीची जागा मिळाली. पिशवी त्यांनी घडी करून खिशात घातली होती. गाडी हलली तेव्हा मामांच्या हातात परात नव्हती, पेला नव्हता, काहीच नव्हतं. त्यांनी उजवा हात उचलला, अर्ध्यावर थांबवला, त्याच्याकडे बघितलं, आणि मग खिडकीबाहेर काढून हलवला. लहान मूल पहिल्यांदा टाटा करतं तसा, नुसती बोटं.

"रत्ना," मी म्हणालो, "मामा हात हलवायलेत."

"खोटं नको सांगू, दादा."

"आईशप्पथ."

तिनं डबा काखेत धरला, गाडीच्या आवाजाकडे तोंड वळवलं आणि मोकळा हात वर केला. गाडी वळेपर्यंत दोघांचेही हात वर होते.